चिनी वैद्याची काठी

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या सोलापुरात घरोघर एक गुलाबी कागद येऊन पडला. कागदाच्या मधोमध डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे चित्र होते आणि त्याखाली ठळक ठशात लिहिले होते : ‘पाच हजार वर्षांची चिनी विद्या! चिंता, भीती, छातीतील धडधड, निद्रानाश दहा बैठकांत मुळासकट नाहीसे!’ आणखी खाली, बारीक अक्षरांत, ‘इंग्रजी गोळ्या बंद करण्याची हमी.’

मला भांडायचे आहे ते या कागदाशी. पण एकट्या कागदाशी भांडून भागणार नाही. त्याच्यामागे उभे राहणारे भोळे भक्त आहेत, त्याला नुसते हसून मोकळे होणारे शहाणे आहेत, आणि या दोघांच्या मधोमध आपली घरे आहेत, जिथे घाबरलेल्या माणसाला एकच औषध मिळते : ‘मनावर घेऊ नकोस!’ या सगळ्यांशीच माझे भांडण आहे.

प्रथम कोटणीसांचे चित्र. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठवले. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे कोटणीस होते. कोटणीस हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. युद्धाच्या धुमाळीत त्यांनी जखमी सैनिकांवर रात्र रात्र उभे राहून शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच देह ठेवला. सुयांची विद्या आपल्याकडे आणण्याचे श्रेय द्यायचेच तर ते त्याच पथकातील कलकत्त्याच्या डॉक्टर बसूंना द्यावे लागेल. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन ती शिकून आले. म्हणजे आमच्या गावच्या ज्या पुण्यशील माणसाने हातात सुरी धरली, त्याच्या नावावर हे लोक सुया आणि पुड्या विकत होते. मला पहिला राग आला तो याचा.

आणि तरीही मी तिथे गेले. रागावून गेले असते तर ठीक होते. मी गेले ती घाबरून.

मी काही विदुषी नाही. शाळेच्या दाखल्यावर माझे शिक्षण मॅट्रिकपुढे जात नाही. एका लहानशा खासगी शाळेत बालवर्गाला शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तीन वर्षांपूर्वी रात्री अडीचला फोन वाजला आणि माझा धाकटा भाऊ अपघातात गेल्याचे कळले. त्या दिवसापासून फोनची घंटा वाजली की माझ्या छातीत धस्स होई. पोटातून गोळा उठे, तो घशाशी येऊन अडके, हातपाय गार पडत आणि आता आपण मरणार असे खरोखर वाटे. दहा-पंधरा मिनिटांत ते ओसरे. मग पुढचा फोन कधी वाजेल याची वाट पाहत मी बसून राही. घरच्यांनी फोन मुके करून ठेवले. दाराची घंटा काढली. सासूबाईंनी पूजेतली घंटासुद्धा वाजवायची सोडली. सगळे माझ्यासाठी चवड्यांवर चालत होते आणि मी दिवसेंदिवस अधिक घाबरट होत होते.

शिबिरातल्या गृहस्थाने माझी नाडी अर्धा मिनिट धरली, जीभ पाहिली आणि सांगितले, “बाई, तुमची मूत्रपिंडे दुर्बळ झाली आहेत.” मग त्याने मला बारा सुया टोचल्या. फोनची घंटा, भाऊ, रात्रीचे अडीच यांतले एक अक्षर त्याने विचारले नाही, म्हणून मीही सांगितले नाही. घटकांचे नाव नसलेल्या काळ्या गोळ्यांची पुडी हातात ठेवून तो म्हणाला, “आजपासून डॉक्टरच्या गोळ्या बंद.” खोटे कशाला सांगू? सुया टोचलेल्या दिवशी मला बरे वाटले. अर्धा तास शांत पडून राहायला मिळाले आणि रात्री झोप लागली. पण डॉक्टरच्या गोळ्या एकदम तोडल्यामुळे पुढचे चार दिवस मी जे भोगले ते शत्रूलाही नको. घाम, थरथर, डोक्यात विजा चमकल्यासारखे झटके. शेवटी ह्यांनी मला उचलून पुन्हा डॉक्टरांकडे नेले.

बरे होऊ लागल्यावर मी एक गोष्ट केली. मला चिनी येत नाही. पण तोडकेमोडके इंग्रजी येते आणि वाचनालयाची वर्गणी भरलेली असते. ज्या विद्येच्या नावाने मला हे भोगावे लागले ती विद्या मुळात म्हणते तरी काय, हे मी भाषांतरांतून वाचायला घेतले. वाचता वाचता माझा राग कमी झाला नाही. मात्र त्याची दिशा बदलली.

त्यांचा मूळ ग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’. ‘पाच हजार वर्षां’चा नव्हे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात पाच अंतर्गत इंद्रियांना पाच भावना वाटून दिल्या आहेत. राग यकृताचा, हर्ष हृदयाचा, सतत घोळत राहणारा विचार प्लीहेचा, शोक फुफ्फुसांचा आणि भीती मूत्रपिंडांची. मन, ज्याला ते ‘शेन’ म्हणतात, त्याचे घर हृदयात. आता ही मूत्रपिंडे म्हणजे आपल्या सोनोग्राफीत दिसणारी मूत्रपिंडे नव्हेत. शरीरातल्या एका शक्तीच्या कोठाराचे ते नाव आहे. शिबिरातल्या गृहस्थाला हे ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असून त्याने मला घाबरवले असावे. भीतीवर उपचार करायला बसलेल्या माणसाने रोग्याला आणखी एक भीती घरी न्यायला दिली!

शरीरशास्त्र म्हणून ही वाटणी आज टिकणार नाही, हे मला मान्य आहे. पण तिच्यात एक शहाणपण आहे आणि ते आपल्या भाषेतही आहे. आपले काळीज धडधडते, पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, पायांतले बळ जाते, तोंडचे पाणी पळते. मराठी माणूस भीती शरीराने सांगतो. चिनी माणूसही तसाच. १९८० साली आर्थर क्लाइनमन नावाच्या अमेरिकन मनोवैद्याने हूनान प्रांतातील एका रुग्णालयात शंभर रोगी तपासले. त्या सर्वांवर ‘नसांची दुर्बलता’ असा शिक्का होता. डोके दुखते, झोप नाही, शक्ती नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. क्लाइनमनच्या कसोटीने शंभरांपैकी सत्त्याऐंशी जणांना खिन्नतेचा विकार निघाला, आणि पुष्कळांना चिंतेचाही. ती माणसे ढोंग करीत नव्हती. त्यांचे दुःख शरीराच्या दाराने बाहेर येत होते, एवढेच.

जुन्या चिनी वैद्यांना हे दार माहीत होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस चांग चुंगचिंग नावाचा थोर वैद्य होऊन गेला. त्याने एका विकाराचे वर्णन केले आहे : ओटीपोटातून डुकराचे पिलू उधळावे तसे काहीतरी उठते, घशापर्यंत धावत येते, रोग्याला आता मरतो असे वाटते, आणि मग ते आपोआप ओसरते. हा विकार भीतीतून आणि धसक्यातून जडतो, असेही त्याने म्हटले आहे. मी हे वाचले तेव्हा वाचनालयातच माझ्या डोळ्यांना पाणी आले. अठराशे वर्षांपूर्वीचा एक परका माणूस माझा आजार मला सांगत होता, आणि माझ्या शेजारच्या काकू मात्र म्हणत होत्या, “तुला काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत!” घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे, पण गिळून जात नाही आणि खोकून निघत नाही, हेही त्याने टिपले आहे. पुढच्या पिढ्यांनी त्याला ‘आलुबुखाराच्या आठळीचा वायू’ असे गमतीदार नाव दिले.

त्याची औषधेही पाहा. वारंवार रडू येणाऱ्या, अस्वस्थ झालेल्या स्त्रीला त्याने गहू, ज्येष्ठमध आणि दहा लाल बोरे यांचा काढा सांगितला आहे. जिवाला घोर लागून झोप उडालेल्याला आंबट बोराच्या आठळीतला गर. ही बोरे म्हणजे आमच्या सोलापूरच्या बोरांची चुलत बहीणच. काढा गोड, साधा, स्वयंपाकघरातला. त्याने चिंता बरी होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या बाईचे रडणे कोणी ऐकत नव्हते तिच्यासाठी वैद्याने चूल पेटवायला सांगितली, यालाही काही मोल आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहायला बसले ती. तेराव्या शतकाच्या आरंभी चांग त्सुंगचंग नावाचा एक वैद्य होता. हाही चांगच, पण अगदी वेगळ्या जातीचा. पौष्टिक औषधांवर पैसा उधळणाऱ्या श्रीमंतांशी आणि ती देणाऱ्या वैद्यांशी त्याचा उभा दावा होता. त्याच्याकडे एका गृहस्थाची बायको आली. प्रवासात रात्री सराईच्या माडीवर ती निजली असताना दरोडेखोर आले, आग लागली, आणि दचकून ती पलंगावरून खाली पडली. तेव्हापासून जराही आवाज झाला की तिची शुद्ध जाई. घरची माणसे चवड्यांवर चालत, कोणी भांडे वाजवीत नसे. वर्षावर असे चालले. वैद्यांनी हृदयाचा विकार ठरवून जिनसेंग दिले, मोत्यांच्या गोळ्या दिल्या, गुण नाही.

चांगने काय केले? त्याने तिला खुर्चीवर बसवले. दोन दासींना तिचे हात धरायला सांगितले. तिच्यासमोर एक बुटके मेज ठेवले आणि म्हणाला, “बाई, इकडे पाहा.” मग हातातल्या काठीने त्याने मेजावर सणकन मारले. ती भयंकर दचकली. तो म्हणाला, “मी मेजावर काठी मारतो आहे, यात घाबरण्यासारखे काय आहे?” ती जरा सावरली तशी त्याने पुन्हा मारली. पुन्हा, पुन्हा. दचकणे कमी कमी होत गेले. मग दारावर मारली, मग तिच्या पाठीमागच्या खिडकीवर आवाज केला. शेवटी ती बाई हसू लागली आणि विचारती झाली, “ही कुठली हो चिकित्सा?” त्याने जुन्या ग्रंथाचा आधार दिला : धसक्याला ‘सम’ करावे. आणि ‘सम’ याचा अर्थ त्याने असा लावला, की जे नेहमीचे झाले त्याची भीती उरत नाही. त्या रात्री त्याने माणसे बसवून संध्याकाळपासून उजाडेपर्यंत तिच्या दाराखिडक्यांवर काठ्या आपटायला लावल्या. एकदोन दिवसांत ती मेघगर्जनेलाही दचकेनाशी झाली.

माझ्या डॉक्टरांनी मला काय केले होते, सांगू? गोळ्या पुन्हा सुरू करून मी जरा स्थिरावल्यावर त्यांनी मला समोर बसवले, भावाची सारी हकिकत विचारली, तासभर ऐकली. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःचा फोन मेजावर ठेवला आणि म्हणाले, “मी आता घंटा वाजवणार आहे. केव्हा वाजवणार ते सांगूनच वाजवीन.” प्रथम अगदी हळू. मग मोठ्याने. मग न सांगता. मग ह्यांना सांगितले, की घरातले सगळे फोन बोलते करा, देवघरातली घंटाही वाजू द्या. तीन महिने लागले. या उपचाराची आधुनिक मांडणी दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पी या डॉक्टरने केली. त्याचे पुस्तक १९५८ साली निघाले. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी एक चिनी वैद्य हातात काठी घेऊन त्याच वाटेवर उभा होता!

आणि आमच्या गुलाबी कागदवाल्याने त्या समृद्ध घरातून काय उचलले? सुई आणि पुडी. विचारपूस सोडली, काठी सोडली, शेजारी बसणे सोडले. ज्या मोत्यांच्या गोळ्यांनी त्या बाईला गुण आला नाही, नेमक्या त्याच गोळ्यांचा वंश तो विकत होता.

भक्त म्हणतील, ‘इतक्या जुन्या विद्येची परीक्षा तुम्ही कोण घेणार?’ अहो, परीक्षा खुद्द चिनी लोकांनीच घेतली आहे. १९२९ साली त्यांच्याच सरकारच्या आरोग्य समितीने जुने वैद्यक बंद करण्याचा ठराव केला होता. देशभरचे वैद्य शांघायला जमून खवळून उठले, म्हणून तो बारगळला. नवे राज्य आल्यावर १९५५ साली पेकिंगमध्ये संशोधन संस्था निघाली, १९५६ साली चार शहरांत महाविद्यालये निघाली. आज पाठ्यपुस्तकांत दिसणारी नीटनेटकी पद्धत बहुतांशी त्या काळात घडवलेली आहे. आणि त्याच देशातल्या यूयू तू या विदुषीने परीक्षा कशी घ्यावी ते जगाला दाखवले. चौथ्या शतकातल्या गे हुंगच्या ग्रंथात हिवतापावर एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा असे होते. उकळायला सांगितलेले नाही, हे तिने हेरले. उष्णतेने गुण जात असावा असा तर्क करून तिने कमी तापमानावर अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला. त्यातून निघालेल्या औषधाने लाखो जीव वाचले आणि २०१५ साली तिला नोबेल मिळाले. परंपरेचा मान ठेवणे म्हणतात ते याला. तिने पूर्वजांचे वाक्य नीट वाचले आणि मग ते कसोटीला लावले.

न तपासता गिळले की काय होते, तेही ऐका. मन शांत करण्याच्या एका प्रसिद्ध चिनी गोळीत तेराव्या शतकापासून हिंगूळ आहे. हिंगुळात पारा असतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी घेतलेल्या पुड्यांत एका चिनी मुळीऐवजी सारख्या नावाची दुसरी मुळी पडली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची गेली. ही मात्र खरीखुरी मूत्रपिंडे होती. साधे ज्येष्ठमधसुद्धा रोज फार घेतले तर रक्तदाब चढतो. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती पुडी कोणत्याही देशाची असो, घरात आणू नका.

सुयांचे म्हणाल, तर २००७ साली जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ती चिंतेवर नव्हे, पाठदुखीवर होती; पण बोध घेण्याजोगी आहे. ११६२ रोगी. शास्त्राप्रमाणे सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना गुण आला. भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. भक्त पहिला आणि तिसरा आकडा सांगतात, हसणारे पहिला आणि दुसरा. मी तिन्ही एकत्र वाचते. सुई कुठे टोचली याने फारसे बिघडले नाही. पण कोणीतरी वेळ दिला, हात लावला, पडून राहू दिले, त्याने पुष्कळ साधले. मला शिबिरातून आल्यावर झोप का लागली, याचे उत्तर यात असावे असे मला वाटते.

म्हणून हसणाऱ्यांनाही सांगते : तुमच्या हसण्याने शिबिरे ओस पडणार नाहीत. दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून ‘पुढचा!’ म्हणत असतील, तर घाबरलेले माणूस जिथे अर्धा तास मिळतो तिथे जाणारच, मग तिथे सुया टोचोत की अंगारा लावोत. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी मला गोळ्या लिहून दिल्या होत्या. योग्यच दिल्या होत्या. पण फोनबद्दल त्यांनीही विचारले नव्हते.

आणि शेवटी आपली घरे. चिनी लोकांत एक जुनी गोष्ट आहे. एका पाहुण्याला पेल्यात साप दिसला. भिडेखातर त्याने तो पेला पिऊन टाकला आणि घरी जाऊन अंथरूण धरले. यजमानाला कळले तेव्हा त्याने ‘मनावर घेऊ नका’ असा निरोप पाठवला नाही. भिंतीवर लटकलेल्या धनुष्याचे प्रतिबिंब पेल्यात पडते हे शोधून त्याने पाहुण्याला पुन्हा त्याच जागी बसवले, तसाच पेला भरला आणि धनुष्य दाखवले. पाहुणा बरा झाला. आपल्याकडे दोरीवर साप पाहणाऱ्याचा दृष्टांत प्रत्येक कीर्तनात येतो. पण घरातल्या कोणाला दोरीचा साप दिसला, तर दिवा घेऊन त्याच्याबरोबर जाणारे कितीजण असतात?

या दिवाळीत बाहेर फटाके उडतील आणि एखाद्या घरात कोणी मावशी, कोणी मुलगा आतल्या खोलीत कानांवर हात घेऊन बसेल. त्यांना हसू नका, आणि माझ्या घरच्यांसारखे जन्मभर चवड्यांवरही चालू नका. जवळ बसा आणि केव्हापासून असे होते ते विचारा. काठी मात्र स्वतः हातात घेऊ नका. ती कधी आणि किती जोराने मारायची हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. त्याच्याकडे घेऊन जा. जवळपास कोणी नसेल तर सरकारने २०२२ सालापासून १४४१६ हा फोन त्यासाठीच ठेवला आहे. चालू गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तोडू नका.

तो गुलाबी कागद मी जपून ठेवला आहे. त्यावरचे कोटणीसांचे चित्र तेवढे कापून घेतले आणि वर्गात लावले. उरलेल्या कागदाच्या मुलांनी होड्या केल्या.